वाचकांचे प्रश्न : विहीर, पाऊस आणि एकत्र बसून काढलेला आलेख

गेल्या अंकात आम्ही लिहिलं होतं की गावाच्या माहितीचा आलेख तयार करून लोकांपुढे ठेवण्याऐवजी तो लोकांसोबत बसून काढावा, कारण काढता काढता जे कळतं ते कोणाच्याच वहीत आधी नसतं. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. त्यांतली सहा इथे थोडक्यात दिली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या मुलांनी गावातल्या ४० विहिरींची पाणीपातळी वर्षभर दर रविवारी सकाळी मोजली. त्याचा रंगीत रेषालेख छापून ग्रामसभेत लावला. लोकांनी बघितला, मुलांचं कौतुक केलं आणि रेशनच्या विषयाकडे वळले. शिवाय बऱ्याच रेषा करवतीच्या दातांसारख्या वरखाली होतात. मुलांचं मोजताना चुकलं असेल का?
*– शिक्षिका, औसा तालुका, जि. लातूर*

उत्तर : ताई, ४० विहिरी आणि ५२ रविवार म्हणजे दोन हजारांवर नोंदी झाल्या. हे फार मोलाचं साहित्य आहे, आणि ते अजून पुरतं वापरलेलं नाही.

आधी करवतीच्या दातांचं बघू. मुलांना बोल लावण्याआधी विजेच्या पाळ्या विचारा. शेतीची थ्री फेज वीज पुष्कळ ठिकाणी एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात रविवारी सकाळी टेप सोडली, तर मोटार नुकतीच बंद झालेली असते आणि पाणी खोल गेलेलं असतं. दिवसपाळीच्या आठवड्यात त्याच वेळी विहीर रात्रभर भरून आलेली असते. म्हणून एक आठवडा वर, एक आठवडा खाली. दात आठवड्याआड नियमित पडत असतील, तर मुलांनी बरोबर मोजलंय. त्या रेषेत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत : भरलेल्या विहिरीची पातळी आणि उपशानंतरची पातळी. त्या दोन वेगळ्या रंगांत काढा. दोन्ही रेषांतलं अंतर म्हणजे ती विहीर साधारण किती भरून येते याचा अंदाज. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी चढलं म्हणजे सुमारे २८ हजार लिटर आलं. हा हिशेब मुलांकडून करून घ्या.

दात अनियमित असतील तर मात्र दुसरी कारणं शोधावी लागतील. सगळ्यात नेहमीचं कारण कठडा. कोणी कठड्याच्या वरून मोजतं, कोणी जमिनीपासून. कठडा कुठे अर्धा मीटर असतो, कुठे एक मीटर. प्रत्येक विहिरीवर ऑइलपेंटनं एक खूण करा, तिथूनच टेप सोडा आणि कठड्याची उंची एकदाच मोजून सगळ्या नोंदींतून वजा करा. दुसरी चूक कागदावरची असते. ‘जमिनीखाली किती मीटर’ हा आकडा आहे तसा वर चढत्या अक्षावर मांडला, तर उन्हाळ्यात रेषा वर जाते आणि पाणी वाढल्यासारखं दिसतं. अक्ष उलटा करा : वर जमीन, खाली तळ. तिसरी गोष्ट, दोन विहिरींची खोली अशी थेट ताडून बघू नका. एक माळावर असते, एक नाल्यात. मोबाइलवरची उंची काही मीटरनं चुकते, म्हणून तिच्या भरवशावर पातळ्या जुळवायला जाऊ नका.

आता ग्रामसभेचं. तुमचा आलेख पूर्ण होऊन आला. त्यात भर घालायला किंवा हरकत घ्यायला कोणाला जागाच राहिली नाही. आणि एकाच चौकटीत ४० रेषा असल्या की स्वतःची विहीर सापडत नाही. एक बैठक पुन्हा घ्या, पण अशी.

आठ-दहा विहीरमालक बोलवा आणि दोन तास ठेवा. छापील आलेख पिशवीतच असू द्या. प्रत्येकाला एक मोठा कोरा कागद द्या. वरची रेघ जमीन, खालची रेघ त्याच्या विहिरीचा तळ. आडव्या रेघेवर महिन्यांसोबत पोळा, दसरा, दिवाळी, येळवस (वेळा अमावस्या), पाडवा मांडा. ‘जानेवारीत पाणी कुठं होतं’ याचं उत्तर अडखळत येतं, ‘येळवशीला कुठं होतं’ याचं लगेच येतं. खोली कोणी परसात सांगेल, कोणी फुटात. सांगितली तशीच लिहा. परस म्हणजे साधारण सहा फूट, पण त्या गावात किती धरतात ते विचारून कोपऱ्यात नोंदवा. मग ज्यानं त्यानं आपल्या विहिरीचं वर्ष आठवणीनं पेन्सिलीनं काढायचं. ते झाल्यावरच मुलांनी मोजलेली रेषा ट्रेसिंग पेपरवर काढून त्यावर ठेवायची.

जिथे दोन रेषा जुळत नाहीत तिथे थांबा. बैठक खरी तिथे सुरू होते. न जुळण्याची कारणं तीन प्रकारची निघतात. कुठे मोजणी चुकलेली असते, कुठे आठवण दगा देते, आणि कुठे दोघंही बरोबर असतात कारण दोघं वेगळ्या गोष्टीबद्दल बोलत असतात. तिसऱ्या प्रकाराला सगळ्यात जास्त वेळ द्या. शेतकऱ्याला ‘पाणी किती आहे’ विचारलं तर तो मीटर सांगत नाही. ‘दोन घंटे चालती’ म्हणतो. त्याचं माप मोटारीचे तास आहेत. जानेवारीत सारख्याच खोलीला पाणी असलेल्या दोन विहिरींपैकी एकीवर मोटार चार तास चालते, दुसरीवर पाऊण तासात उचकते. मुलांच्या रेषेत हा फरक येणार नाही, कारण टेप पाण्याची पातळी मोजते, झिरपा म्हणजे विहिरीत किती वेगानं पाणी येतं ते मोजत नाही. म्हणून आलेखाखाली दुसरी पट्टी जोडा : मोटार किती तास चालली. मालक महिन्यातून एकदा सांगेल तेवढं पुरे.

विहिरींचे गट त्यांनाच पाडू द्या. तुम्ही कदाचित खोलीप्रमाणे पाडाल. ते नाल्याकाठच्या, माळावरच्या आणि तलावाखालच्या असे पाडतील, आणि रेषांचे आकारही बहुधा तसेच जुळतील. प्रत्येक विहिरीची वेगळी छोटी चौकट करा, अक्ष सगळीकडे सारखा ठेवा, आणि एका गटाच्या चौकटी शेजारी शेजारी लावा. मग हा कागद दसरा-दिवाळीच्या दरम्यान पारावर लावा. हरभरा करायचा की गहू, हे तेव्हा ठरत असतं. मे महिन्यात लावलेल्या आलेखावर कोणी काय ठरवणार?

प्रश्न : गटाच्या बैठकीत आमच्या महसूल मंडळाच्या पावसाचा महिनावार स्तंभालेख दाखवला. जुलै आणि ऑगस्ट मिळून पाऊस सरासरीच्या जवळ दिसतो. सभासद म्हणतात आलेख खोटा आहे, सोयाबीन तर डोळ्यांदेखत करपलं. आकडे आम्ही बदललेले नाहीत.
*– शेतकरी गटाचे सचिव, मंठा तालुका, जि. जालना*

उत्तर : आकडे खरे आणि सभासदही खरे. घोटाळा महिन्याच्या चौकटीत आहे. समजा ऑगस्टमध्ये १५० मि.मी. पाऊस झाला आणि त्यातला १२० मि.मी. शेवटच्या तीन दिवसांत पडला. स्तंभ उंच दिसेल. आधीचे कोरडे दिवस त्यात गाडले जातील.

एक लांब कागदी पट्टी घ्या. जून ते सप्टेंबर १२२ दिवस होतात. एका दिवसाला एक सेंटिमीटर धरला तर पट्टी १२२ सेंटिमीटरची होईल, मापाचा कागद चिकटवून सहज करता येते. उंचीला एक सेंटिमीटर म्हणजे १० मि.मी. पाऊस. आपल्याकडे अतिवृष्टी धरली जाते तो ६५ मि.मी.चा दिवस साडेसहा सेंटिमीटर उंच येईल. हवामान खातं २.५ मि.मी. किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतं. त्याहून कमी पावसाचे दिवस फिकट ठेवा, म्हणजे खंड आपोआप डोळ्यात भरतो. तारखेची एक गफलत टाळा : हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून १० तारखेच्या संध्याकाळचा पाऊस ११ तारखेच्या नोंदीत असतो. हे आधी सांगितलं नाही, तर पहिला आक्षेप इथेच येतो आणि पुढचं कोणी ऐकत नाही.

आता तारखांच्या खाली नक्षत्रं लिहा. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला, आश्लेषा २-३ ऑगस्टला, मघा १६-१७ ऑगस्टला, पूर्वा ३०-३१ ऑगस्टला, उत्तरा १३-१४ सप्टेंबरला आणि हस्त २६-२७ सप्टेंबरला. हे सजावटीसाठी करायचं नाही. तुमचे सभासद पाऊस याच पंचांगात लक्षात ठेवतात. तरणा बरसला आणि म्हातारा कोरडा गेला, असं कोणी म्हणालं तर ते पुनर्वसू आणि पुष्याबद्दलचं विधान आहे, आणि आता ते पट्टीवर बोट ठेवून तपासता येतं. कधी ते खरं निघेल, कधी नाही. निघालं नाही तर लगेच त्यांना चूक ठरवू नका. मंडळाचा पर्जन्यमापक एका जागी असतो, शेत दुसरीकडे. सरळ कडांचं भांडं आणि मोजपट्टी घेऊन गटातल्या चार-पाच शेतांवर स्वतःचे मापक बसवा. आडोसा जितका उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर भांडं ठेवायचं.

पट्टीच्या खाली प्रत्येक सभासदानं रंगीत दोरा चिकटवायचा : पेरणीच्या दिवसापासून काढणीपर्यंत. दोऱ्याला फुलोऱ्याला एक गाठ, शेंगा भरताना दुसरी. जूनअखेर पेरलेलं सोयाबीन साधारण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात फुलोऱ्यात येतं आणि पुढे मघा-पूर्वात शेंगा भरतात. पण जेएस ३३५ आणि परभणीच्या विद्यापीठाचं एमएयूएस १६२ या वाणांचे दिवस सारखे नाहीत, म्हणून गाठ ज्यानं त्यानं आपल्या रानातल्या पिकाप्रमाणे मारायची. सगळे दोरे लागले की दिसतं की एकच खंड कोणाच्या फुलोऱ्यावर आला, कोणाच्या शेंगांवर. आणि मग कोणीतरी म्हणतंच : आमच्या दोघांचा दोरा सारखा, त्याचं तगलं आणि माझं गेलं. तिथे जमिनीची पट्टी जोडावी लागते, भारी रान की मुरमाड, रुंद वरंब्यावरची पेरणी की सपाट. पाऊस किती पडला इथून सुरू झालेला प्रश्न आता कोणत्या रानानं किती कोरडे दिवस सोसले इथवर आला. हा प्रश्न तुमच्या महिनावार आलेखात नव्हता, मंडळाच्या नोंदीत नव्हता, आणि सभासदांनाही तो या रूपात आधी ठाऊक नव्हता. एकत्र बसून काढण्याचा अर्थ आम्ही एवढाच समजतो, आणि तो आम्हाला फार मोठा वाटतो.

सरावासाठी २०२३ चं वर्ष घ्या. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभराचा हिशेब धरता १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि ‘सरासरी’ लिहिताना ती कोणत्या वर्षांची हे आलेखावरच लिहा. २०२२ मध्ये हवामान खात्यानं देशाच्या मोसमी पावसाची सरासरी ८८०.६ वरून ८६८.६ मि.मी. केली, कारण आधार १९६१ ते २०१० ऐवजी १९७१ ते २०२० घेतला. पाऊस तोच, टक्के बदलतात.

प्रश्न : जायकवाडीच्या साठ्याचं चित्र मी दर आठवड्याला करून मित्रांना पाठवतो. हौदात पाणी भरत जातं तसं. शून्य टक्के झाल्यावर रिकामा हौद दाखवला तर लोकांनी नाथसागरातल्या, म्हणजे जायकवाडीच्याच जलाशयातल्या, पाण्याचा फोटो पाठवून विचारलं, हे काय आहे?
*– विद्यार्थी, पैठण*

उत्तर : तो मृतसाठा आहे, म्हणजे धरणाच्या दारांच्या पातळीखाली उरणारं पाणी. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातली उपयुक्त २,१७१, म्हणजे साधारण ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट). उरलेले ७३८ दलघमी, सुमारे २६ टीएमसी, मृतसाठ्यात. बातम्यांत येणारा टक्का फक्त उपयुक्त साठ्याचा असतो. तो ५० असताना धरणातलं सगळं पाणी मिळून एकूण क्षमतेच्या ६३ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणून हौदाच्या तळाला २६ टीएमसीचा वेगळ्या रंगाचा थर कायम ठेवा आणि शून्याची रेघ त्याच्या वर मारा.

हौदाचा आकारही बदला. धरण वर रुंद आणि खाली अरुंद असतं, उंचीच्या खालच्या अर्ध्यात निम्म्याहून बरंच कमी पाणी मावतं. सरळ भिंतींचा हौद वापरायचा असेल तर उंची पाण्याच्या पातळीची नाही, साठ्याची आहे हे लिहा. फोटो पाठवणाऱ्यांचे आभार माना. तुमच्या चित्रातली उणीव त्यांनी दाखवली.

प्रश्न : आमच्या बचत गटाला गावाचा पाण्याचा नकाशा करायचा आहे. बैठक लावली की पुरुष बोलतात आणि आम्ही ऐकतो. शिवाय तांड्यावरची बरीच घरं आत्ता कारखान्याला गेली आहेत.
*– बचत गटाच्या अध्यक्षा, धारूर तालुका, जि. बीड*

उत्तर : ताई, दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करू, कारण ती जास्त गंभीर आहे. ऊसतोडीला घरं दिवाळीच्या सुमारास जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधल्या काळात केलेल्या नकाशात तांडा रिकामा दिसतो, आणि पुढे टँकर किती खेपा आणायचे हे त्या नकाशावरून ठरलं, तर लोक परत येतात तेव्हाच पाणी कमी पडतं. ऐन टंचाईत. दोन नकाशे करा, एक लोक गेलेले असताना आणि एक परतल्यावर. पहिल्यावर रिकाम्या घरांसाठी पोकळ चौकोन काढा, जागा सोडून देऊ नका.

पुरुषांशिवायची बैठक आधी घ्या आणि ती कागदावर घेऊ नका. अंगणात रांगोळीनं काढा. पेननं काढलेली रेघ पुसायला माणूस बिचकतो, रांगोळी हातानं सारता येते. चिंचोके ठेवून हंडे मोजा : एक चिंचोका एक हंडा. हंडा किती लिटरचा हे मात्र मापाच्या बादलीनं एकदा खरंच मोजा, घरोघरी वेगळा निघतो.

मग मुख्य काम. पुरुषांच्या नकाशात हापसा गावापासून जितका जवळ तितका जवळ काढलेला असतो. तुम्ही अंतराऐवजी वेळ मोजा. घरातून निघाल्यापासून भरलेला हंडा घरी ठेवेपर्यंतची मिनिटं, रांगेत गेलेली धरून, तीन वेगळ्या दिवशी. मधोमध वस्ती काढा आणि प्रत्येक पाणवठा त्याच्या मिनिटांप्रमाणे दूर ठेवा, पाच मिनिटांना एक वीत. दोनशे पावलांवरचा हापसा रांगेमुळे कदाचित लांबच्या विहिरीच्याही पलीकडे जाऊन बसेल. हा नकाशा घेऊन सगळ्यांच्या बैठकीत जा आणि पुरुषांचा नकाशा शेजारी ठेवा. दोन्हींत हापसा एकाच जागी का नाही, असं कोणीतरी विचारेल. त्याचं उत्तर फक्त तुमच्याकडे असेल, तेव्हा बोलावं तुम्हालाच लागेल.

रांगोळी झाडण्याआधी वरून फोटो घ्या, माणसांचे चेहरे त्यात येऊ देऊ नका. घरावर कुटुंबाचं नाव लिहून कोणाकडे नळ नाही, कोणाकडे शौचालय नाही असं भिंतीवर लावू नका. गल्लीप्रमाणे आकडे दिले तरी काम भागतं आणि कोणाची मान खाली जात नाही.

प्रश्न : मी अशाच सहभागी आलेखांवर संशोधन करतो. मार्गदर्शक विचारतात, यात ज्ञान कुठे आहे? एका गावात चार बैठका झाल्या, एक चित्र निघालं. दुसऱ्यानं केलं तर दुसरं निघेल. मी काय उत्तर देऊ?
*– संशोधक विद्यार्थी, नांदेड*

उत्तर : मार्गदर्शकांची शंका योग्य आहे. ‘लोकांना आवडलं’ किंवा ‘सगळ्यांनी भाग घेतला’ हे तिचं उत्तर होत नाही.

एक जुनं उदाहरण बघा. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती त्यांची दाटी दाखवली, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला गेला आणि नकाशा छापून आला तो नंतर. नकाशाला अर्थ आला तो विचारपूस केल्यामुळे. पंपाजवळच्या गरिबांच्या आश्रयगृहात (वर्कहाउस) ५३५ लोक राहत आणि त्यांतले फक्त पाच दगावले, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातले कामगार वाचले, ते पंपाचं पाणी पीत नसत. त्या वस्तीतले धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना साथ पंपाच्या पाण्यातून पसरली हे स्नोंचं म्हणणं आधी पटलं नव्हतं. ते खोडून काढायला ते घरोघर फिरले, आणि ४० ब्रॉड स्ट्रीटच्या घरातलं आजारी बाळ त्यांनाच सापडलं. त्या बाळाच्या लंगोटांचं पाणी विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात जात होतं. नकाशात दाटी दिसत होती, कारण दिसत नव्हतं. ते कळलं वस्तीत ओळख असलेल्या आणि मत न पटलेल्या माणसामुळे. तुमच्या बैठकीत असा न पटणारा माणूस असेल तर त्याला पुढच्या बैठकीलाही बोलवा.

दुसरं उदाहरण व्हिएन्नाचं. १९२५ मध्ये समाजशास्त्रज्ञ ओटो नॉयराट यांच्या पुढाकारानं तिथे समाज आणि अर्थव्यवहार यांचं संग्रहालय सुरू झालं. आकडे तज्ज्ञ देत, चिन्हं चित्रकार गेर्ड आर्न्ट्झ कोरत. पण कोणता आकडा चित्रात जाणार, कशाशेजारी ठेवायचा, काय वगळायचं हे मधली माणसं ठरवत. मारी नॉयराट त्यांत प्रमुख होत्या, आणि या कामाला तिथे ‘ट्रान्सफॉर्मर’ म्हणत. त्यांचा एक नियम आजही उपयोगी आहे : जास्त संख्या दाखवायची तर चिन्ह मोठं करू नका, पुन्हा पुन्हा काढा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाणीगाडीला १० टाक्या होत्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. नंतर ५० टाक्यांची गाडी आली. दोन्ही गाड्या एकेका टाकीनं दाखवून दुसरी टाकी पाचपट लांब आणि पाचपट उंच काढली तर ती पंचवीसपट दिसते. दहा आणि पन्नास टाक्या काढल्या की फरक पाचपटच दिसतो. तुमच्या बैठकीत हे मधलं काम बहुधा तुम्हीच करता, आणि त्याची नोंद प्रबंधात सहसा येत नाही. तीच आली पाहिजे.

नोंद अशी ठेवा. प्रत्येक खर्ड्याला क्रमांक आणि तारीख, आणि फोटो. फेकलेल्या खर्ड्यांचाही, किंबहुना त्यांचाच आधी. एका वहीत चार रकाने : काय बदललं, कोणी सुचवलं, कारण काय सांगितलं, आणि त्या बदलामुळे आधीचं कोणतं विधान सोडावं लागलं. चौथा रकाना रिकामा राहत असेल तर तुम्ही फक्त रंग बदलत आहात. तो भरत असेल तर मार्गदर्शकांना दाखवायला पुरावा तयार होतोय. बैठकीच्या आधी तुमचं मत काय होतं तेही लिहून ठेवा, नंतर ते आठवणीत बदलतं.

दुसऱ्यानं केलं तर दुसरं चित्र निघेल, हे मान्य करा. माहितीच्या चित्रणाचे अभ्यासक मिरिया मायर आणि जेसन डाइक्स यांनी २०१९ मध्ये अशा कामासाठी सहा कसोट्या मांडल्या. आमच्या शब्दांत : आधीचं माहीत करून घेऊन केलेलं, स्वतःच्या भूमिकेची तपासणी केलेलं, पुराव्यानं आणि प्रयोगांनी भरपूर, पटण्याजोगं, दुसऱ्या ठिकाणच्या वाचकालाही भिडणारं, आणि कसं झालं ते उघड दाखवणारं. त्यात ‘तेच चित्र पुन्हा निघावं’ ही अट नाही. दुसऱ्या गावात चित्र नेऊ नका, चित्रातून निघालेलं विधान न्या. ‘साप्ताहिक नोंदींत आठवड्याआड दात असतील तर विजेच्या पाळ्या तपासा’ हे औशाचं विधान अर्धापूरच्या केळीच्या भागात टिकतं का, ते बघता येतं. तिथे कालव्याचं पाणी असेल तर कदाचित टिकणार नाही, आणि का टिकलं नाही तेही लिहिण्याजोगं आहे.

एक मात्र खरं. सगळ्याच कामात लोकांना बसवू नये. मायर यांनीच मायकल सेडलमायर आणि तमारा मुन्झ्नर यांच्यासोबत २०१२ मध्ये या कामाच्या नऊ पायऱ्या सांगितल्या, त्यातली एक म्हणजे उफणणी : नोंदी खरंच हातात आहेत का, समोरच्यांना या प्रश्नाची गरज आहे का, वेळ आहे का, हे काम हाती घेण्याआधीच पाखडून बघायचं. पेरणीच्या आठवड्यात बैठक लावू नका.

प्रश्न : कोणतं सॉफ्टवेअर वापरावं, आणि छपाईत काय सांभाळावं?
*– संगणक शिक्षक, हिंगोली*

उत्तर : पहिल्या दोन बैठकांत कोणतंही नाही. पडद्यावरचा आलेख झालेला वाटतो आणि लोक गप्प होतात. नंतर गुगल शीट किंवा एक्सेल पुरतं, नकाशासाठी क्यूजीआयएस मोफत आहे. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू करा, काही वेळा सॉफ्टवेअर तो आपणहून मधूनच सुरू करतं. पाच-सहा तुकड्यांचा वर्तुळालेख टाळा. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवलं की माणूस एका समान पट्टीवरची जागा सर्वांत अचूक वाचतो, कोनांचा अंदाज त्याहून चुकतो.

लाल-हिरवी जोडी नको, काही पुरुषांना तो फरक दिसत नाही. शिवाय गावात कागद झेरॉक्स होऊन फिरतो आणि त्यात दोन्ही रंग सारखेच करडे येतात. एकाला तिरप्या रेघा, दुसऱ्याला ठिपके द्या. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि पीडीएफ केल्यावर जोडाक्षरं व वेलांट्या तपासा, तुटतात त्या तिथेच. पारावर लावायचा असेल तर दहा फुटांवरून वाचायला अक्षर निदान एक इंच उंच हवं. उजवीकडे चार बोटं समास कोरा सोडा आणि कागदाला दोऱ्यानं पेन्सिल बांधून ठेवा.